सलग दोन तासांची परवानगी

2024-25 या शैक्षणिक वर्षात आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांसोबत गणित आणि विज्ञानाचा एक वर्ग चालवला. गाव सिन्नर तालुक्यातलं. शाळा पाचवीपर्यंत, पट साठ-पासष्ट, शिक्षक तीन, त्यामुळे चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, एकाच बाईंकडे. मी शिक्षिका नाही. बीएस्सी केलंय, माळेगावच्या एमआयडीसीत हिशेबाचं काम करते, मुलगी चौथीत होती आणि शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून माझं नाव होतं, एवढीच पात्रता.

हे लिहिते आहे कारण असं काही करायचं म्हणणारे पालक भेटतात आणि पहिलं विचारतात, सामान कुठून आणलं? सामान हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. जड गेलं ते वेळापत्रकातून सलग दोन तास मिळवणं. एक तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. तेवढ्यात मुलं सामान मांडतात, एक प्रश्न विचारतात आणि घंटा होते.

जुलैच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांना भेटले. पायाभूत चाचणीची धावपळ चालू होती. सर म्हणाले, “ताई, मुलांसाठी करताय तर माझी ना नाही. पण तोंडी नको. उद्या कुणी साहेब भेटीला आले आणि विचारलं, ह्या बाई कोण, तर माझ्याकडे कागद पाहिजे.” तेव्हा थोडा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी कागद मागितला म्हणूनच वर्षभर कुणी अडवलं नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि मुख्याध्यापक सचिव. म्हणजे ठराव आपणच मांडू शकतो, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. जुलैअखेरच्या बैठकीत विषय घेतला. एक पालक सरळ म्हणाले, “पाचवीला शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. खेळायचं तर पोरं घरी खेळतातच की.” त्यांचं चुकीचं नव्हतं. त्यांच्या थोरल्याची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली होती. शेवटी सरांनीच वाट काढली: शनिवार तसाही आनंददायी उपक्रमांसाठी ठेवायचा आहे, शाळा सकाळची असते, तर दर शनिवारी मधले दोन तास द्या. शिष्यवृत्तीच्या तासांना धक्का नाही.

ठरावात काय लिहायचं, हे इथे सांगून ठेवते. वार आणि वेळ, कोणत्या इयत्ता, वर्गशिक्षिका पूर्ण वेळ वर्गात हजर राहतील, कोणतीही फी नाही, मुलांचे फोटो बाहेर कुठेही टाकणार नाही, आणि मुदत: चालू शैक्षणिक वर्ष. सूचक आणि अनुमोदक दोघांच्या सह्या. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत लगेच मागून घ्या. नंतर वही कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली कुणाकडे तरी असते.

ती प्रत जोडून अर्ज केला, मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांना आणि तिथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. मी स्वतःच नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घेतला. पोच हातात असली की पुढच्या वेळी “कुठला अर्ज?” असं कुणी म्हणत नाही, फक्त “टेबलावर आहे” म्हणतात.

ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली. सगळीकडे शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी सुरू झाली आणि माझा अर्ज थांबला. मला निरोप आला की चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र जोडा. शाळेत माझी स्वतःची मुलगी आहे, त्यामुळे ह्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं; माझ्याऐवजी दुसरं कुणी येणार असतं तर मीही हेच मागितलं असतं. अर्ज ऑनलाइन होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागला, मग पोलीस ठाण्यातून फोन आला, गावातल्या दोघांची नावं विचारली. अर्जावरचा पत्ता आणि आधारवरचा पत्ता अक्षरशः सारखा ठेवा. माझ्या आधारवर माहेरचं गाव राहिलं होतं, त्यात आठवडे गेले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र मिळालं आणि पाठोपाठ परवानगीचं पत्र. पत्र चार ओळींचं, त्यात “शासनावर कोणताही आर्थिक बोजा पडणार नाही या अटीवर” हे वाक्य ठळक केलेलं.

तोपर्यंत घरात एक खोकं भरत आलं होतं. काड्यापेट्या, सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब, सुतळी, शिंप्याकडचे दोन टेप, काचेचे रिकामे ग्लास, तांदळाच्या गोणीचं कापड, खडू, सुताराकडून तासून आणलेली एक मीटरची काठी, शाळेपुरती भिंगं. सगळं मिळून बाराशे रुपयांच्या आत, त्यातले निम्मे भिंगांचे. काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबची कल्पना अर्थात अरविंद गुप्तांची. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. त्यांच्या चित्रफिती फुकट बघायला मिळतात, मराठीतही आहेत. मी रात्री बघायचे आणि मुलगी शेजारी बसून माझ्या आधी करून टाकायची.

पहिला वर्ग 28 सप्टेंबरचा. सामान न काढता सुरुवात केली, कारण शिष्यवृत्तीवाले पालक डोक्यात होते. फळ्यावर लिहिलं: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, आले 3087. मग 8730 वजा 0378, आले 8352. मग 8532 वजा 2358, आले 6174. आणि 6174चं पुन्हा तेच केलं तर 7641 वजा 1467, परत 6174. मी एवढंच म्हणाले, “माझं इथे अडकलं. तुमचं कुठे अडकतंय बघा.”

पुढचा तासभर त्या खोलीत हातच्याची जेवढी वजाबाकी झाली तेवढी बाईंनी आठवडाभरात घेतली नसती, असं त्याच म्हणाल्या. कुणाचं वेगळ्याच संख्येवर थांबलं की शेजारचा लगेच चूक शोधायला बसे. मला तपासावंच लागलं नाही. बरोबर केलं तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतंच. मग पाचवीतला एक मुलगा म्हणाला, “काकू, तीन अंकी घेतली तर?” मला उत्तर माहीत होतं. ते गिळून बसणं हे ह्या सगळ्या प्रकारातलं माझ्यासाठी सगळ्यात अवघड काम. त्यांनी 495 शोधली. मग दोन अंकी. तिथे मजा झाली, कारण ती थांबेचना: 9, 81, 63, 27, 45 आणि पुन्हा 9. “हे तर गोल फिरतंय!” आणि मागच्या बाकावरून, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी, “सगळे नवाच्या पाढ्यातले आहेत.” का, ते कुणाला सांगता आलं नाही. मीही सांगितलं नाही. तो प्रश्न वर्षभर भिंतीवर कागदावर राहिला.

सुटण्याआधी त्यांना सांगितलं की हे शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. 1949 साली त्यांनी ही 6174ची गंमत मांडली, आणि जगभर तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात. देवळाली आमच्यापासून जवळ, निम्म्या पोरांचे नातेवाईक तिकडे. “शाळेतल्या गुरुजींनी?” हा प्रश्न त्यांनी ज्या सुरात विचारला, तो बाईंना फारसा आवडला नसावा.

पुढच्या शनिवारी काड्या. गूल आम्ही मोठ्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो, त्यात एक तिरपी काडी घातली की ताठ होतो. मुलांनी हे पत्र्याच्या शेडच्या कैच्यांत आणि गावाबाहेरच्या मोबाईल टॉवरवर स्वतःच जाऊन पाहिलं. व्हॉल्व्ह ट्यूब लांबीवर विकत घ्या, तयार तुकडे महाग पडतात.

त्यानंतर मोठा खंड. दसरा, मग संकलित मूल्यमापन, मग दिवाळीची सुट्टी, आणि सुट्टी संपते न संपते तोच विधानसभेची निवडणूक. शाळा मतदान केंद्र, बाईंना आणि सरांना निवडणुकीचं काम. 20 नोव्हेंबरच्या मतदानासाठी भिंती मोकळ्या करायच्या होत्या, तेव्हा आमचे तक्ते गुंडाळून खोक्यात गेले. ह्या काळात मी फार खचले होते, खरं सांगायचं तर. तीन महिने कागद गोळा केले आणि हातात दोनच शनिवार आले. कुणी सुरू करणार असेल तर वर्षाचा आराखडा करताना दिवाळीच्या आसपासचे पाच-सहा आठवडे धरूच नका.

नोव्हेंबरच्या शेवटी हरभरा घेतला. रब्बीची पेरणी झालेली, घराघरात बियाण्याची चर्चा. पेरणीआधी शेतकरी उगवण तपासतात तसंच करायचं ठरलं: ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवड्याने मोजायचं. शंभरच दाणे का, हे पाचवीच्या मुलांना विचारलं तर एकाने आजोबांचं उत्तर दिलं: “मोजायला सोपं. जेवढे उगवले तेवढे टक्के.” शेकडेवारीचा धडा अजून यायचा होता. प्रमाणित हरभऱ्याच्या बियाण्याची उगवण किमान 85 टक्के असावी लागते, हे पिशवीवरच्या लेबलवरून एका मुलीने वाचून आणलं.

मग कुणीतरी विचारलं, “काकू, डाळीला मोड का येत नाहीत? डाळ पण हरभऱ्याचीच आहे ना?”

मी तो शनिवार मोडून टाकला आणि ह्याच प्रश्नाला दिला. आधी अंदाज लिहायचे. बहुतेकांचं म्हणणं, साल नाही म्हणून. एकाचं, गिरणीत गरम होते म्हणून. एकीचं, अर्धी असते म्हणून. मग हे तपासायचं कसं? ते त्यांनीच ठरवलं: एका ग्लासात अख्खा हरभरा, दुसऱ्यात डाळ, तिसऱ्यात फुटाणे (गरम होण्याचा मुद्दा), चौथ्यात भिजवून साल काढलेला अख्खा हरभरा. हा चौथा ग्लास त्यांना सुचला, मला नाही. शनिवारपर्यंत थांबायची कुणाचीच तयारी नव्हती, म्हणून बाईंनी रोज परिपाठानंतर पाच मिनिटं बघायला दिली. डाळ फुगली, मग बुळबुळीत होऊन वास सुटला. फुटाण्यांवर बुरशी. साल काढलेल्या दाण्यांपैकी बऱ्याच दाण्यांना मोड आले! म्हणजे साल नव्हे. मग भिंगाखाली भिजलेला दाणा उघडून बघितला. दोन दलांच्या टोकाशी तो छोटासा कोंब दिसतो, आणि डाळ भरडताना तोच निखळतो. “म्हणजे डाळीत बाळ नसतं,” असं एकीने वहीत लिहिलं. बाईंनी त्याला लाल पेनाने हात लावला नाही.

टीप: वास सुटला की ग्लास बाहेर ठेवा, आणि बुरशी आलेल्या ग्लासाला हात लावल्यावर साबण. पोषण आहार त्याच खोलीत बसून खातात.

सावलीचा प्रयोग ह्या सगळ्यात माझ्या जवळचा. “सावली सगळ्यात लहान किती वाजता?” सगळी खोली एका आवाजात, “बारा वाजता!” पण शनिवारी शाळा साडेअकराला सुटते आणि प्रश्न दुपारचा. म्हणजे मधला अख्खा वार हवा. परवानगीत तर शनिवार लिहिलेला. पुन्हा सरांकडे. त्यांनी केंद्रप्रमुखांना फोनवर विचारलं आणि मंगळवार, 10 डिसेंबर मिळाला, मध्ये जेवणाची सुट्टी जशीच्या तशी ठेवून.

मैदानात काठी रोवली, ओळंब्याने सरळ केली. बारा वाजता मोजलं, मग दर पाच मिनिटांनी. सावली बारानंतरही आखूड होत राहिली. साधारण सव्वाबारा ते बारा चाळीस या वेळात मात्र तिच्यात फरकच कळेना. सावलीची कड धूसर असते, टेपवर दोन-तीन मिलिमीटरचा वाद मिटत नाही. भांडणं झाली. हे होणार हे मला ठाऊक होतं, म्हणून सकाळीच सुतळीने काठीभोवती 115 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखून ठेवलं होतं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं तेव्हा 10 वाजून 49 मिनिटं झाली होती. दुपारी पुन्हा शिवलं 2 वाजून 5 मिनिटांनी. मधोमधची वेळ काढा म्हटल्यावर चौथीच्या मुलांनी बोटांवर, पाचवीच्यांनी वहीत काढली: 12 वाजून 27 मिनिटं. सावली 92 सेंटिमीटर.

घड्याळ चुकलंय, असं त्यांचं पहिलं मत. तीन मोबाईल लावून बघितले. मग दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरची दिनदर्शिका घेऊन आली. तिच्यात मुंबईचा सूर्योदय-सूर्यास्त छापलेला असतो. तिने दोन्हींची मधली वेळ काढली होती आणि तीही बारा नव्हती, साडेबाराच्या आसपास होती. ही युक्ती माझ्या डोक्यात आलेली नव्हती.

कारणाचा अर्धा भाग पाचवीच्या मुलांना झेपतो. आपलं घड्याळ भारताच्या प्रमाणवेळेवर चालतं, ती 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाणारी. आम्ही 74 अंशांवर, साडेआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे 34 मिनिटं उशीर. “मग 12:34 यायला पाहिजे. आपलं 12:27 आलंय.” सात मिनिटांचा हिशेब लागेना. सर म्हणाले, “ताई, सांगून टाका.” मी म्हटलं, जानेवारीत परत मोजू.

21 डिसेंबरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर काही मुलं स्वतःच थांबली आणि 94 सेंटिमीटर मोजून गेली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारीला, पुन्हा पूर्ण प्रयोग. वर्तुळ तेच. 10:53 आणि 2:33. मधली वेळ 12:43! सावली 87 सेंटिमीटर. सूर्य डिसेंबरपेक्षा सोळा मिनिटं उशिरा. दिनदर्शिकेतही मधली वेळ तशीच पुढे सरकलेली. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट, आस कललेली, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढे-मागे होतो, एवढं सांगितलं. किती जणांना कळलं माहीत नाही. पण दुसरीच एक गोष्ट त्यांनी पकडली: सावली संक्रांतीच्या आधीच आखूड व्हायला लागली होती, आणि घरी तर सांगतात सूर्य संक्रांतीला उत्तरेकडे वळतो. सूर्य खरा वळतो 21-22 डिसेंबरला. फार पूर्वी दोन्ही एकत्र होतं, आता साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस असं अंतर पडत गेलंय. हे सांगितल्यावर एका आजींनी शाळेत येऊन मला विचारलं, मग तिळगूळ कधी वाटायचा? मी म्हटलं, दोन्ही दिवशी.

जानेवारीतच पैशांचा विषय निघाला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळतं. 31 ते 100 पटाला वर्षाला 25 हजार, त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती हे सगळं त्यातूनच. समितीने आमच्या वर्गासाठी दोन हजार मंजूर केले. रोख मिळत नाही. दुकानदाराच्या खात्यात ऑनलाइन जातात. सायकलच्या दुकानदाराकडे पक्कं बिल नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह ट्यूब कायम माझ्याच खिशातून. तराजू, टेप, भिंगं बिलावर आली आणि डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढली. एक भिंग फुटलं तर काय, ह्या भीतीने शाळा वस्तू कपाटात ठेवतात आणि मुलांच्या हाती देत नाहीत. आम्ही ठरावातच लिहून घेतलं की वापरताना झालेली फूट-तूट समितीसमोर ठेवून निर्लेखित करायची, म्हणजे नोंदवहीतून कमी करायची. ही ओळ जरूर घाला.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पाठ केलेली भाषणं न ठेवता पालकांना 6174ची वजाबाकी करायला बसवलं. शिष्यवृत्तीवाले ते पालक सगळ्यात उशिरापर्यंत बसले होते. त्यांच्या मुलाचा निकाल चांगला लागला. त्याचं श्रेय बाईंच्या जादा तासांचं.

ठराव एका वर्षाचाच होता, त्यामुळे 2025च्या जूनमध्ये पुन्हा सगळे कागद. ह्या वेळी शनिवारसोबत दोन महिन्यांतून एक पूर्ण मधला वार मागितलाय. त्यातला पहिला 24 जुलै, गुरुवार. आमच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, 20 मेच्या आणि 24 जुलैच्या आसपास, आणि उभ्या काठीची सावली दुपारी, जुलैत 12:40च्या सुमाराला, नाहीशी होते. मेमध्ये सुट्टी असते, जुलैत ढग. तरी तारीख वारासकट ठरावात घालून घेतली आहे. पंचायत समितीतला अर्ज टेबलावर आहे, असं कळलं.